साधं ‘कट’ म्हटलं असतं तर

शेगावच्या फलाटावर आम्ही गाडीच्या कितीतरी आधी येऊन बसलो होतो. खामगावहून मुंबईला निघायचं म्हणजे शेगाव गाठायचं, आणि शेगावला आलोच आहोत तर देवळात जाऊन यायचं, हे आमच्या घरी कुणी वेगळं ठरवत नसे. दर्शन झालं, आईनं बाकावरच डबा उघडून दोन घास खायला लावले. दादा बॅगांची कुलपं पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. प्रशांत नोकरीसाठी आधीच इंग्लंडला गेला होता, आता मी निघाले होते.

बाबा इंग्रजीचे मास्तर. खामगावच्या एका हायस्कुलात त्यांचा उभा जन्म गेला. शाळेत ते पुस्तकी मराठी बोलत, घरी आले की टोपी काढल्यासारखी ती काढून ठेवत. त्यांनी फलाटावरही शिकवणी सोडली नाही. “तठी सगळ्यायले इंग्रजी येते,” ते म्हणाले, “म्हनून तुले जास्त चांगली आली पायजे. नेमका शब्द वापरजो. तिकडचा मानूस शब्दावरून तोलते.” गाडी आली. आई एवढंच म्हणाली, “पोचली की फोन करजो.” दादानं खिडकीतून माझा हात धरला तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही. दादाबद्दल हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्याविषयी जे लिहायचंय ते गोड नाही.

हे मी माझ्यासारख्या घर सोडून आलेल्यांसाठी लिहितेय, आणि खामगावात ज्यांनी माझ्याबद्दल काही ना काही ऐकलंय त्यांच्यासाठीही. त्यांनी माझी बाजू ऐकली नाही. विचारलीच नाही कुणी.

बाबांना शब्दांचा फार सोस होता. आमच्या वर्गात एका मुलानं ‘द फार्मर कट्स कॉटन’ असं वाक्य केलं. बाबांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, अरे, तू कापसाच्या गावचा, कापूस कापतात का वेचतात? मग तो सगळा तास त्या एका शब्दावर गेला. कट म्हणजे कापणे, पण झाड कट डाउन करतात, वीज कट ऑफ होते, कागदातून चित्र कट आउट करतात. स्लाइस म्हणजे चकत्या करणं, चॉप म्हणजे खटाखट तुकडे पाडणं, मिन्स म्हणजे अगदी बारीक करणं. त्यांनी आम्हाला मराठीतलेही विचारले. पोरं ओरडून सांगत होती: भाजी चिरायची, मेथी खुडायची, ऊस तोडायचा, हरभरा सोंगायचा, फांदी छाटायची, सुपारी कातरायची. एकजण म्हणाला, नखं काढायची. बाबा खूश झाले. म्हणाले, बघा, नखं कापतो आपण आणि म्हणतो काढली. भाषा असं करते. इतक्या वर्षांनी तो तास मला आठवतो, कारण माझ्या आयुष्याची पुढे जी गत झाली ती याच एका शब्दाच्या पोटजातींनी केली.

इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात आम्ही राहायला लागलो. बी.ए. बी.एड. झालेली मी, खामगावात दोन वर्षं इंग्रजी शिकवलेली. इथे त्या पदवीचं कुणाला काही नव्हतं. पहिलं काम मिळालं ते एका कारखान्यात, थंडगार हॉलमध्ये उभं राहून सँडविचसाठी भाज्या कापण्याचं. ‘कापण्याचं’ हे मी मराठीत म्हणतेय. तिथे तो शब्द कुणी वापरत नसे. टोमॅटो स्लाइस, कांदा डाइस, कोबी श्रेड. डाइस म्हणजे फाशासारखे सारखे चौकोनी तुकडे, हे बाबांनी शिकवलं नव्हतं. मी चॉप केलेला कांद्याचा अख्खा ट्रे सुपरवायझरनं माझ्यासमोर कचऱ्यात ओतला. ओरडली नाही, शब्द तेवढा सावकाश सुटा करून सांगितला, ऐकू न येणाऱ्याला सांगावा तसा. त्या संध्याकाळी मी प्रशांतला म्हटलं, मी हा विषय शिकवत होते. तो हसला. त्याला हसू येण्यासारखंच होतं ते.

मग केस. पार्लरमध्ये मी ‘कट’ म्हटलं आणि शेपटा कानापर्यंत आला. मला म्हणायचं होतं ‘ट्रिम’, नुसतं टोकं नीट करणं. फोटो पाठवल्यावर आई दोन दिवस बोलली नाही. पुण्याच्या सासूबाईंना मात्र ते केस आवडले. त्यांना माझ्यातलं जे जे कमी झालं ते आवडायचं. लग्नानंतर त्यांच्या घरी पहिल्याच दिवशी मी ‘मले नको’ म्हटलं होतं आणि पाहुणे खिदळले होते. तेव्हापासून मी ‘मला’ म्हणायला शिकले. इंग्लंडला येईपर्यंत माझी वऱ्हाडी जवळजवळ गेलेली होती, फोनवर आईशी बोलताना तेवढी उरली होती. तीही प्रशांत खोलीत असला की मी आवरून घ्यायचे.

दहा-बारा वर्षं अशी गेली. कारखाना सुटला, शाळेत मदतनीस म्हणून काम केलं, आणि मग एका मैत्रिणीनं सुचवलं म्हणून दुभाष्याची परीक्षा दिली. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं. आमच्या शहरात मराठीसाठी आम्ही दोघीच होतो. या कामात मात्र बाबांची शिकवण उपयोगी पडली. शिकवणाऱ्या बाईंनी एक अख्खी सकाळ जखमांवर घालवली. ग्रेझ म्हणजे खरचटणं. कट साधा. गॅश म्हणजे लांब आणि खोल. स्टॅब म्हणजे भोसकणं, टोक आत जातं. स्लॅश म्हणजे पातं आडवं ओढून केलेला वार. बाई म्हणाल्या, यातला चुकीचा शब्द वापरलात तर कुणीतरी तुरुंगात जाईल किंवा कुणीतरी तुरुंगात जायचं राहील. मी त्या परीक्षेत पहिली आले. बाबांना फोन केला तेव्हा ते शेजाऱ्यांना बोलावून सांगत होते, मला ऐकू येत होतं.

त्या मुलीला मी शीतल म्हणते. नाव खरं नाही, गावही सांगणार नाही. मोताळा तालुक्यातलं मोठं गाव, एवढं पुरे. माझ्या धंद्यात घडलेलं बाहेर बोलायचं नसतं. पण माझ्या वाट्याचं इतरांनी इतकं बोलून झालंय, की त्यातली नावं वगळून मी माझ्यापुरतं सांगायला आता हरकत नसावी.

दुपारची वेळ होती. दवाखान्यातून बोलावणं आलं म्हणून मी गेले. पडद्याआड एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती, डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत कापड गुंडाळलेलं, बाहेरच्या बाजूला रक्तानं भिजलेलं. शेजारी नवरा उभा. त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. तोच सगळं सांगत होता, की ती भाजी चॉप करत होती आणि सुरी निसटली. त्यानं शब्द बरोबर वापरला होता. पण कांदा चिरताना सुरी निसटली तर बोटाला लागते. कोपराखाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला कशी लागेल, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच ठेवला. दुभाष्यानं विचार बोलून दाखवायचा नसतो.

डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. तो जाताना माझ्याकडे बघून हसला आणि मराठीत म्हणाला, “ताई, जरा सांभाळून सांगा.” तो मला ओळखत असावा. गणपतीला आम्ही सगळे एका हॉलमध्ये जमतो, तिथे पाहिलं असेल. मला तो आठवत नव्हता. तो जे बोलला ते मी डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत सांगितलं, कारण माझ्यासमोर जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं हा नियम आहे.

बाईंनी शीतलला विचारलं, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. मी मराठीत सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “हात कापला.”

मराठीत हे वाक्य पुरं आहे. इंग्रजीत ते पुरं होत नाही. हात आपोआप कापला, माझा मी कापला, त्यानं कापला, तिन्हीला आपण ‘हात कापला’ म्हणू शकतो. कर्ता सांगितला नाही तरी आपल्याकडे वाक्य अडत नाही. इंग्रजीत पहिलाच शब्द कोण, हा लागतो. मी बाईंना सांगितलं, की ती जे बोलली त्यात कुणी केलं हे स्पष्ट नाही, मी विचारू का? त्या म्हणाल्या, विचार.

“तुह्या हातानं कापला, का दुसऱ्या कोनं कापला?” मी म्हटलं. ठरवून वऱ्हाडी बोलले नाही. तिचा ‘कापला’ ज्या चालीनं आला त्याच चालीनं माझा प्रश्न गेला.

तिनं मान वर केली. म्हणाली, “ताई, तुमी आपल्याकडच्या?”

तेही मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आहेस का? मी शीतलकडे बघून “हाव” म्हटलं. एवढाच एक शब्द मी त्या खोलीत माझ्या पदरचा बोलले. ती रडायला लागली, आणि रडत रडत तिनं सांगितलं: “मी कांदा चिरून राह्यली होती. मायसंग फोनवर बोलत होती. त्याले ते आवडत नाही. त्यानं सुरी हिसकली अन् मारली.”

आता ‘मारली’. सुरी मारली म्हणजे फेकून मारली, भोसकली का ओढली? मी पुन्हा परवानगी घेऊन विचारलं, कशी मारली. तिनं उजवा हात उचलला आणि हवेत आडवा ओढला. मग पुन्हा एकदा ओढला. “अशी,” ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘स्लॅश’.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बोलावलं. छोटी खोली, टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र. त्यांनी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. तिनं तेच सांगितलं, तोच हात तसाच आडवा ओढून दाखवला. मी तोच शब्द वापरला. नवऱ्याला त्यांनी नेलं, आणि तिला बायकांच्या आसऱ्याच्या एका घरात ठेवलं. मी घरी येऊन स्वयंपाकाला लागले. प्रशांतनं विचारलं, काय काम होतं? मी म्हटलं, नेहमीचं.

दादाचा फोन आला तो नंतरच्या रविवारी. नेहमी तो आधी माझ्या पोरांची चौकशी करायचा. त्या दिवशी नाही केली. म्हणाला, “मंजू, तू काय सांगतलं तठी?”

त्याच्याकडे गोष्ट अशी पोचली होती. मुलगी भाजी चिरत होती, हात कापला, तिनं ‘हात कापला’ असं साधं सांगितलं. दुभाषी बाईनं आपल्या मनानं त्यात नवऱ्याला घातलं आणि वर ‘स्लॅश’ असा पोलिसी शब्द वापरून त्याला अडकवलं. ही दुभाषी बाई म्हणजे खामगावच्या मास्तरांची मुलगी, हे शोधायला नवऱ्याकडच्यांना एक दिवसही लागला नसेल. मी दादाला म्हटलं, मला यातलं काही बोलता येत नाही, माझ्या कामाचा नियम आहे. मग म्हणाला, “आपल्या सोनालीचं ज्या घरी ठरून राह्यलं होतं, ते लोक त्या पोरीच्या नवऱ्याचे सख्खे मामा आहेत.”

सोनाली दादाची मुलगी. बघणं झालेलं, पसंती झालेली, साखरपुड्याचं तेवढं बोलायचं होतं. पुढच्याच आठवड्यात त्या लोकांनी निरोप पाठवला, की ज्या घरची पोर दुसऱ्याचा संसार तोडते त्या घरी आम्हाला सोयरीक करायची नाही. दादानं मला हे फोन करून सांगितलं नाही. वहिनीनं आईला, आणि आईनं मला सांगितलं. सोनालीनं नंतर दोन ओळींचा मेसेज पाठवला: ‘आत्या, मला तो मुलगा आवडला होता. तू साधं कट म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?’

मी उत्तर लिहिलं आणि पुसलं, असं कितीतरी वेळा केलं. शेवटी काहीच पाठवलं नाही. काय लिहिणार होते? कट म्हटलं असतं तर ते खोटं झालं नसतं. हात कापलाच होता. इतकं सैल, इतकं सोयीचं खरं बोलून मला उठता आलं असतं. कुणी मला पकडलंही नसतं. हेच तर सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

तिकडे शीतलला रोज फोन येत होते. माहेरचे जास्त. तिच्या मागे दोन बहिणी लग्नाच्या. तिच्या वडिलांनी तिला काय सांगितलं ते मला कळायचं कारण नाही, पण आमच्या शहरातल्या मराठी बायकांना सगळं कळत होतं आणि त्या माझ्यासमोर ते मोठ्यानं बोलत होत्या. महिनाभरात तिनं पोलिसांना सांगितलं, की तिचा जबाब चुकला. सुरी तिच्याच हातातून निसटली. नवऱ्याचं नाव दुभाषीबाईंनी घातलं, आपण घातलं नव्हतं. या वेळी दुभाषी म्हणून दुसऱ्या बाईंना बोलावलं होतं.

माझ्यावर तक्रार झाली. मला कामं देणाऱ्या दुभाष्यांच्या कंपनीनं माझं काम थांबवलं, आणि पोलिसांकडचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच कुणा मराठी जाणणाऱ्याला ऐकवलं. काही आठवड्यांनी मला ईमेल आला, की भाषांतर अचूक आहे, पुढील कारवाई नाही. पुढे कळलं, की त्या माणसावरच्या प्रकरणातही पोलिसांनी शेवटी हेच शब्द लिहिले. पुढील कारवाई नाही. मी निर्दोष आणि तोही निर्दोष, एकाच वाक्यानं. शीतल परत त्याच्या घरी गेली. गणपतीला ते दोघं जोडीनं आले होते म्हणे. आम्ही त्या वर्षी गेलो नाही. प्रशांत म्हणाला, उगाच कशाला? तो माझ्या बाजूनंच होता. ‘उगाच कशाला’ हीच त्याची बाजू होती.

दिवाळीनंतर मी खामगावला गेले. तोंडानं सांगितलं तर दादाला पटेल, अशी मला आशा होती. शेगावला तो घ्यायला आला नाही. रिक्षा करून घरी पोचले तर वहिनीनं पाणी दिलं, चहा दिला, आणि “बसा ताई” म्हणाली. त्या घरात मला आजवर कुणी ‘बसा’ म्हटलं नव्हतं. दादा मी उठायच्या आत ऑफिसला जाई आणि जेवण झालं की माडीवर जाई. सोनाली मावशीकडे गेलेली होती. मी असेपर्यंत आली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा ओट्यावर बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. नियम मोडून सांगितलं, शीतलचं खरं नाव वगळून. तिनं काय शब्द वापरले, हात कसा ओढून दाखवला, मी काय विचारलं, काय भाषांतर केलं. बाबा नेहमी ऐकायचे तसे ऐकत होते, डोळे मिटून. मी विचारलं, तुमच्या वर्गात हा पेपर आला असता तर तुम्ही काय केलं असतं?

“पैकीच्या पैकी देल्ले असते,” ते म्हणाले. “शब्द बरोबर आहे तुहा. दुसरा शब्दच नाही तिथं.”

मला रडू आलं. मग ते म्हणाले, “पन बरोबर शब्द येते म्हनून तो बोलाच लागते, असं मी तुले कधी शिकवलं?”

ते चिडलेले नव्हते. थकलेले होते, आणि त्यांना नातीचं लग्न बघायचं होतं. समोरून कुणी ओळखीचे चालले होते, त्यांना बाबांनी हात केला. त्या गृहस्थांनी मला पाहिलं आणि न थांबता पुढे गेले. बाबांचा वर केलेला हात मग मांडीवर आला. त्यांनी उभा जन्म या गावात नमस्कार घेतले होते. त्यातले किती माझ्यामुळे बंद झाले हे मी विचारलं नाही. मी तिकीट बदललं आणि ठरल्या दिवसाच्या आधीच परत आले. कुणी ‘राहा’ म्हटलं नाही. आई दारापर्यंत आली, पण बोलली नाही. दादा घरात होता.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात गेले. दादानं मला कळवलं ते सगळं आटोपल्यावर, मेसेज करून. विमानानं पोचलेच नसते, हे खरंच आहे. पण शेवटचं तोंड दाखवायला फोन धरतात लोक, व्हिडिओ लावतात. त्यानं तसं केलं नाही. मी त्याला फोन केला आणि विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “तू बोलशीन काहीतरी. तुले बोलाची सवय आहे.” त्यानंतर आमचं बोलणं नाही. सोनालीचं लग्न दीड वर्षानं दुसरीकडे झालं. चांगलं घर आहे म्हणतात. पत्रिका प्रशांतच्या आईवडिलांना पुण्याला गेली, आम्हाला नाही आली.

शीतल मला एकदा दिसली. आपल्याकडच्या वस्तूंच्या दुकानात, डाळींच्या रांगेत. उजव्या कडेवर बाळ होतं. बाहेर चांगलं ऊन होतं आणि तिनं पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता. तिनं मला पाहिलं, ओळखलं, आणि बाळाचं डोकं आपल्या खांद्यात दाबून दुसरीकडे वळली. मला तिचा राग आला नाही. तिला परत जायला वाट हवी होती आणि त्या वाटेवर मी उभी होते, म्हणून तिनं मला बाजूला केलं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी फक्त एवढं बघितलं, की ती डाळीची पिशवी उजव्याच हातानं उचलते, बाळ असूनही, आणि डावा हात खाली सोडून ठेवते. मग मी तूरडाळ न घेताच बाहेर आले.

मी अजून हेच काम करते. बायका मला बोलवतात तेव्हा आधी विचारतात, तुम्ही कुठल्या? मी म्हणते, पुण्याची. वऱ्हाडी कुणाशी बोलत नाही. या वाक्यातला सगळा कडवटपणा माझा मला ऐकू येतो, पण तो कमी करायची माझी इच्छा नाही. जे माझ्यासारखे निघून आले आहेत त्यांना तिकडे सगळे विचारतात, परत कधी येणार? मला हे विचारणारं आता कुणी नाही. घर दूर राहिलं याची मला सवय झाली होती. ते मिटूही शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आई मात्र फोन करते. तिकडच्या दुपारी, म्हणजे माझ्या सकाळी, दादा ऑफिसात आणि वहिनी शेजारी गेलेली असते तेव्हा. ती वर्षानुवर्षं त्या प्रकरणाबद्दल एक अक्षर बोललेली नाही. हरभरा सोंगून झाला, गुडघा दुखतो, कुणाला नातू झाला, असं सांगते. मी ‘हाव’ म्हणत ऐकते. परवा असाच फोन होता. बोलता बोलता ती थांबली. मला वाटलं कुणी आलं असेल. मग ती हळू आवाजात म्हणाली, “एक इचारू का व?”

“विचार ना.”

“त्या पोरीले टाके किती पडले होते?”

इतकी वर्षं झाली. दादानं, बाबांनी, सोनालीनं, गणपतीतल्या बायकांनी, कंपनीनं मला शब्दाबद्दल विचारलं होतं. त्या हाताबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

“अकरा,” मी म्हटलं.

तिकडे रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो माझ्यापर्यंत ऐकू आला. मग ती म्हणाली, “लय लागलं असंन माय तिले.” आणि आवाज आणखी खाली आणून, “कोनाले बोलली नाही मी. माह्या मनात होतं.”

मग वहिनीचा आवाज आला आणि आईनं फोन ठेवला. आता मी सकाळची कामं शक्यतो घेत नाही.